डॉक्टरांच्या नावावर १२० पेपर आहेत, मग मुलाला तिथेच न्यावं का?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगा अडीच वर्षांचा. शब्द तीन-चारच, हाक मारली तर बहुतेक वेळा वळून बघत नाही. बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता बोलून दाखवली. नातेवाइकांनी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘ऑटिझम आणि बालमेंदूविकास या विषयांवर १२० हून अधिक शोधनिबंध’ असं छापलंय. तिथे आधी ‘ब्रेन मॅपिंग’, म्हणजे मेंदूच्या लहरींचा रंगीत नकाशा, करतात, त्यावरून सहा महिन्यांचं पॅकेज ठरतं आणि पैसे आगाऊ भरायचे असतात. एवढे पेपर आहेत म्हणजे डोळे झाकून जावं का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे आणि बाळाच्या मेंदूच्या स्कॅनवरून ऑटिझम आधीच कळतो असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. ते खरं का?

ताई, मी पुण्यात बालविकासाच्या ओपीडीत बरीच वर्षं काम करते आहे. मधल्या काळात संशोधनही केलं, आणि जर्नलवाले इतरांचे पेपर तपासायला पाठवतात तेही करते. त्यामुळे या दुकानाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हा माणूस चांगला संशोधक आहे का, हा एक. त्याच्याकडे जे मिळतंय ते माझ्या लेकराच्या उपयोगाचं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ येईलच असं नाही. ज्यांच्याकडे मी माझ्या नात्यातलं मूल निःशंकपणे पाठवीन अशा काही थेरपिस्ट आहेत, त्यांच्या नावावर एकही पेपर नाही.

मी तुमचं मूल पाहिलेलं नाही, ती यादीही पाहिलेली नाही. शिवाय डॉक्टर नोकरी कुठे करतात यावरही बरंच अवलंबून असतं. मेडिकल कॉलेजात बढतीसाठी पेपर लागतात, म्हणून तिथे आकडा आपोआप वाढतो आणि त्यातले बरेचसे पेपर कामापुरते असतात. खासगी क्लिनिक चालवून कुणी स्वतःच्या हौसेने वीस चांगले पेपर लिहिले असतील, तर मला त्या विसांचं जास्त कौतुक वाटेल. म्हणून निकाल देत नाही. यादी हातात आली तर मी ती कशी वाचते, एवढं सांगते. वाचायला एक संध्याकाळ पुरते.

यादी मागून घ्या, किंवा पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या संकेतस्थळावर नाव टाका. तिथे पहिली अडचण आपल्या आडनावांची. एस. पाटील, ए. कुलकर्णी, एस. जोशी असं शोधलंत तर कर्करोगापासून कांद्यावरच्या करप्यापर्यंत सगळं एका नावाखाली येतं. संस्थेचं नाव जोडून शोधा किंवा ऑर्किड क्रमांक विचारा. तो प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र असतो आणि द्यायला कुणाची हरकत नसते. मग पेपरांचे प्रकार बघा. स्वतः मुलं तपासून केलेला अभ्यास, दुसऱ्यांच्या अभ्यासांचा आढावा, एका रुग्णाची हकीकत, संपादकांना पत्र, परिषदेतला सारांश, पुस्तकातलं प्रकरण, हे सगळं ‘पब्लिकेशन’ या एकाच शब्दात मावतं. १२० मधून मूळ अभ्यास बारा निघाले तरी मला धक्का बसणार नाही. बारा चांगले असले तर पुष्कळ झाले.

त्या बारांमध्ये नाव कुठे आहे तेही बघा. आमच्या क्षेत्रात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं असतं आणि शेवटचं ज्याच्या हाताखाली काम झालं त्याचं. मधली नावं काहीही सांगू शकतात, अगदी ‘रुग्ण पाठवले’ एवढंसुद्धा. जनुकांच्या अभ्यासात तर शंभरावर लेखक असतात. २०२० साली ‘सेल’ या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात ३५,५८४ जणांची जनुकं तपासून ऑटिझमशी संबंधित १०२ जनुकं दाखवली होती. काम जबरदस्त आहे, पण त्या लेखकांच्या यादीत मधे कुठेतरी नाव असणं म्हणजे तुमच्या मुलाला बोलतं करता येणं नव्हे.

एच-इंडेक्सबद्दल कुणी सांगेल. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला तो आकडा आहे. किती पेपरांचा किती वेळा उल्लेख झाला याचं ते गणित आहे, यापलीकडे त्यात आपल्या कामाचं काही नाही. उल्लेख कशासाठी झाला हे तो सांगत नाही. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा पेपर फक्त १२ मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याचे उल्लेख हजारांनी आहेत, त्यातले कित्येक तो खोडून काढणाऱ्यांचे. आकड्यात तेही मोजले जातात.

आता मी स्वतः ज्याला सर्वांत जास्त वजन देते ती गोष्ट. एखाद्या संशोधकाने एकच प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवलाय का, आणि तो धरताना त्याच्या अभ्यासातली मुलं वाढत गेली का? हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक खरी यादी उलगडून दाखवते.

अमेरिकेतले अ‍ॅमी क्लिन आणि त्यांचे सहकारी वॉरन जोन्स. आधी येल विद्यापीठात, नंतर अटलांटाच्या मार्कस ऑटिझम सेंटरमध्ये. त्यांचा प्रश्न एकच होता: ऑटिझम असलेली व्यक्ती माणसांकडे बघते तेव्हा नजर नेमकी कुठे असते? २००२ मध्ये त्यांनी ऑटिझम असलेल्या १५ किशोर-तरुणांना एका जुन्या चित्रपटातले प्रसंग दाखवले आणि नजर टिपणाऱ्या यंत्राने नोंद केली. बाकीचे बघणारे पात्रांच्या डोळ्यांकडे बघत होते, तर ही मुलं तोंडाकडे किंवा वस्तूंकडे. १५ जणांवरचा अभ्यास म्हणजे सुरुवातच. तिथेच थांबून त्यांनी ‘नजरेवरून निदान’ असा बोर्ड लावला असता तर मी त्यांना गंभीरपणे घेतलं नसतं.

२००९ मध्ये ते दोन वर्षांच्या मुलांकडे वळले. पडद्यावर माणसाच्या हालचाली फक्त ठिपक्यांनी दाखवल्या. इतर मुलं माणसाच्या हालचालीकडे बघत, ऑटिझम असलेली मुलं मात्र जिथे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी जुळतात तिथे, म्हणजे टाळी वाजते तिथे. गंमत अशी, की याचा धागा त्यांना एका १५ महिन्यांच्या मुलीने दाखवला. बाकी ठिपक्यांत तिला काही रस नव्हता, टाळ्यांचा खेळ लागला की मात्र ती तिकडेच बघायची. एकाच मुलीत दिसलेलं त्यांनी मोठ्या गटात तपासलं, मगच छापलं.

२०१३ मध्ये त्याहून मागे गेले. जन्मल्यापासून ११० बाळं, त्यातली ५९ ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे अशी. दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांची नजर पुन्हापुन्हा नोंदवली आणि तीन वर्षांचं झाल्यावर निदान पाहिलं. तोवर समज असा होता, की ही बाळं पहिल्यापासूनच डोळ्यांकडे बघत नसतील. तसं दिसलं नाही. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं ती बाळंही सुरुवातीला डोळ्यांकडे बघत होती, पण दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू उतरत गेलं. निदान झालेली मुलं डझनभर, म्हणजे संख्या लहानच. पण आपल्याच आधीच्या अपेक्षेविरुद्ध निघालेलं त्यांनी तसंच्या तसं लिहिलं, याला मी मोठे गुण देते. २०१७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास आला, एकूण ३३८ लहान मुलं, त्यातली १६६ जुळी. डोळ्यांकडे बघण्याचं प्रमाण एकरूप जुळ्यांत ०.९१ इतकं जुळत होतं (१ म्हणजे तंतोतंत) आणि साध्या जुळ्यांत ०.३५. म्हणजे या सवयीमागे जनुकांचा हात मोठा आहे.

आणि २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये सहा केंद्रांवरच्या १६ ते ३० महिन्यांच्या ४७५ मुलांचा अभ्यास आला. नजरेच्या चाचणीचा निकाल तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिला. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ७१ टक्के चाचणीने ओळखली, नसलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के बरोबर वगळली. उलटं वाचा: ऑटिझम असलेल्या शंभरातली २९ मुलं निसटली. एकवीस वर्षांच्या कामानंतरचा हा आकडा आहे आणि त्यांनी तो लपवला नाही. ही चाचणी विकणारी कंपनी याच संशोधकांशी जोडलेली आहे, तेही पेपरात जाहीर केलेलं आहे. हितसंबंध असणं गुन्हा नाही. वाचणाऱ्याला ते माहीत असावेत इतकंच.

तर १५, मग दोन वर्षांची मुलं, मग ११०, मग ३३८, मग ४७५, आणि दरवेळी दावा नेमका होत गेलेला. तुमच्या डॉक्टरांच्या यादीत असा एखादा धागा दिसतोय का ते बघा. एका वर्षी आहार, पुढच्या वर्षी ऑक्सिजनची टाकी, मग मूलपेशी (स्टेम सेल), मग ब्रेन मॅपिंग, प्रत्येकात दहा-पंधरा मुलं आणि प्रत्येकात ‘उल्लेखनीय सुधारणा’ असं चित्र असेल, तर पेपर दोनशे असले तरी मी पुढे जाणार नाही. खरं संशोधन करणाऱ्याच्या यादीत कुठेतरी ‘फरक पडला नाही’ असा पेपर सापडतोच. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा नाकात मारायचा फवारा घ्या. वर्षानुवर्षं छोट्या अभ्यासांत आशा दिसत होती. २०२१ मध्ये २९० मुलांवर २४ आठवड्यांची नीट चाचणी झाली आणि नकली फवाऱ्यापेक्षा काहीच जास्त फायदा निघाला नाही. त्या संशोधकांनी ते छापलं. मुलाला नाळेतलं रक्त देण्याच्या उपचाराचंही तसंच. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये २५ मुलांवर सुरक्षितता तपासली, सुधारणा दिसल्यासारखी वाटली. त्याच गटाने २०२० मध्ये १८० मुलांवर तुलना केली आणि मुख्य निकषावर फरक आला नाही. आपल्याकडे काही जण अजून २०१७ चाच पेपर दाखवतात.

मेंदूच्या चित्रांवर आधारित पेपर असतील तर एक गोष्ट जास्तीची बघावी लागते, आणि तुमच्या ‘मॅपिंग’शी तिचा संबंध आहे म्हणून थोडं थांबून सांगते. साधारण २००४ नंतर बऱ्याच एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारा स्कॅन) अभ्यासांत आलं, की ऑटिझममध्ये मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले असतात. कल्पना सुटसुटीत होती, सगळ्यांना आवडली. २०१२ मध्ये दोन-तीन गटांनी वेगवेगळं दाखवून दिलं, की स्कॅनच्या वेळी डोकं अगदी अर्धा मिलिमीटरही हललं तरी आकडेमोडीत लांबची जोडणी कमी आणि जवळची जास्त दिसायला लागते. फोटो काढताना पोरगं हललं की चेहरा फिस्कटतो तसंच, फक्त इथे फिस्कटलेलं डोळ्यांना दिसत नाही, ते निष्कर्ष होऊन छापलं जातं. आता सांगा, यंत्राच्या नळीत जास्त हलणार कोण? लहान मुलं, आणि त्यातही ऑटिझम असलेली. मग जुन्या निकालांतला किती भाग मेंदूचा आणि किती हलण्याचा, हे पुन्हा तपासायची वेळ आली. त्याच सुमारास अनेक केंद्रांनी आपापले स्कॅन एकत्र करून सर्वांसाठी खुले केले. त्या ‘अबाइड’च्या पहिल्या संग्रहात १,११२ जणांचे स्कॅन आहेत, त्यात ५३९ ऑटिझम असलेले. आधी वीस-तीस जणांत ठळक वाटलेले मेंदूच्या रचनेतले कित्येक फरक एवढ्या मोठ्या संख्येत फिके पडले. म्हणून बालमेंदूवरचा २०१२ च्या आधीचा छोटा पेपर कुणी आज पुरावा म्हणून पुढे केला, तर मी एवढंच विचारते: हलण्याचं काय केलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला हेच सापडलं का?

आता तुमच्या पॅकेजकडे. ऑटिझमचं निदान आजही मुलाचं वागणं, खेळणं, संवाद बघून आणि आई-वडिलांशी सविस्तर बोलूनच होतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद, आम्हीही सांगतो, पण झटके येत असतील किंवा तशी शंका असेल तेव्हा. एमआरआय सांगतो तो तपासणीत मज्जासंस्थेचं वेगळं काही लक्षण आढळलं तर. ईईजीचा रंगीत नकाशा काढून त्यावरून ‘या मुलाला अमुक थेरपी, एवढे सेशन’ असं ठरवता येतं, याला आधार नाही. कुणाच्या १२० पेपरांत तो आधार असेल तर त्यांनी तो एक पेपर काढून द्यावा. हे तुम्ही अगदी सरळ विचारू शकता: “डॉक्टर, तुम्ही माझ्या मुलाला जे सुचवताय त्यावरचा तुमचा पेपर कोणता? त्यात किती मुलं होती, आणि तुलनेला दुसरा गट होता का?” चांगला संशोधक या प्रश्नावर खूश होतो. चाचणी चालू आहे असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून उपचारांच्या चाचण्यांची तिथे नोंद लागते आणि ती कुणालाही बघता येते. आणि अशा चाचणीत उपचारासाठी पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की समजून घ्या. मूलपेशींचं नाव निघालं तर तिथून उठाच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते उपचार म्हणून सुचवू नयेत असं सांगितलं आहे.

पेपर वाचून उपयोग होतो तोही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळ्यालाच नाकं मुरडते. इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन यांच्या गटाने पालकांना मुलाशी खेळण्याची, बोलण्याची पद्धत शिकवून १५२ मुलांवर चाचणी केली, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. ती पद्धत आपल्याकडे चालेल का? तेवढे स्पीच थेरपिस्ट आणायचे कुठून? गोव्यातल्या ‘संगथ’ने, गौरी दिवाण आणि विक्रम पटेल यांच्यासह, आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने ती आपल्या घरांना साजेशी करून घेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून राबवली. ६५ मुलं, निकाल २०१६ मध्ये. पालक मुलाच्या लयीत जास्त बोलू लागले, मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलं. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि तेही त्यांनी लिहिलं. ६५ ही काही मोठी संख्या नाही. तरी एका देशात तपासलेलं दुसऱ्या देशात, वेगळ्या हातांनी, पुन्हा करून बघितलं गेलं. मी ओपीडीत आई-बाबांना जमिनीवर बसवून मुलासोबत खेळायला लावते त्यामागे हे काम आहे.

थोडक्यात पहिल्या प्रश्नाचं: आकडा बाजूला ठेवा, मूळ अभ्यास वेगळे काढा, नाव कुठे आहे बघा, एक धागा शोधा, ‘फरक पडला नाही’ लिहिण्याची तयारी शोधा. आणि हे सगळं उत्तम निघालं तरी तुम्हाला देऊ केलेल्या उपचारावर त्यांचाच किंवा कुणाचाही नीट अभ्यास आहे का, ते स्वतंत्र विचारा.

दुसऱ्या बाळाचं. तुम्ही वाचलंत तो बहुधा २०१७ चा ‘नेचर’ या जर्नलमधला अभ्यास, हेदर हॅझलेट आणि जोसेफ पिव्हेन यांच्या गटाचा. पेपर खरा आहे आणि चांगला आहे. मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेली १०६ आणि नसलेली ४२ बाळं झोपेत असताना सहा आणि बारा महिन्यांना स्कॅन केली. पुढे निदान झालेल्या बाळांत या काळात मेंदूच्या पृष्ठभागाचा विस्तार जास्त वेगाने झालेला होता. त्यावरून संगणकाने ज्या बाळांना ‘होईल’ म्हटलं, त्यातल्या ८१ टक्के बाळांना पुढे खरोखर निदान झालं. मात्र अभ्यासाच्या मुख्य तुलनेत निदान झालेली मुलं १५ होती. आणि हा अंदाज फक्त अशा भावंडांसाठी आहे, सरसकट बाळांसाठी नाही. आपल्या शहरातल्या एमआरआय सेंटरमध्ये अहवालावर असं काही लिहून मिळत नाही. कुणी देतो म्हणालं तर घेऊ नका.

तुमच्या उपयोगाचा आकडा वेगळा आहे. २०२४ मध्ये १८ केंद्रांवरच्या १,६०५ लहान भावंडांचा अभ्यास आला. त्यात २०.२ टक्के, म्हणजे साधारण पाचातल्या एका बाळाला ऑटिझमचं निदान झालं. मुलगा असेल तर शक्यता जास्त, मुलगी असेल तर कमी. मोठं मूल मुलगी असेल तर धाकट्याची शक्यता आणखी वाढते. तुमचा थोरला मुलगा आहे. पाचातल्या चौघांना होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. निर्णय तुमच्या दोघांचा. घ्यायच्या आधी एकदा जनुकीय सल्लागाराला भेटा. थोरल्याची जनुकीय तपासणी करायची का ते तिथे ठरेल. बाळ झालं तर नऊ महिन्यांपासून दर तीन-चार महिन्यांनी विकासाची तपासणी करून घ्या. त्याला स्कॅन लागत नाही.

आणि थोरल्यासाठी यादी तपासून होईपर्यंत थांबू नका. कानाची बेरा चाचणी (मुलाला ऐकू येतं का ते तपासणारी) झाली नसेल तर ती आधी, कारण हाकेला वळत नाही म्हणालात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा, तिथे पैसे लागत नाहीत. स्पीच थेरपिस्ट आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणीकृत आहे ना बघा, आणि तुम्हाला सेशनमध्ये सोबत बसू देते ना तेही. दार लावून घेऊन तासाने मूल परत देणाऱ्यांकडे मी पाठवत नाही. झालेल्या तपासण्यांचे अहवाल असतील तर मुलाचं नाव झाकून इथेच टाका, बघून सांगते.